आतली मांडी, बाहेरची मांडी

लिहून घ्या, माहं माहेर टेंभुर्णीचं आन् सासर हे कुंभार पिंपळगाव, म्हणजे जिल्ह्याच्या त्या टोकाहून या टोकाला दिली मला. माय तिकडं लोकाच्या शेतात खुरपायला जायची आन् मी तिच्या मागं. मी कुठं टेकले की माय आधी माह्या गुडघ्याकडं बघायची. गुडघे जुळव, पाय झाक, पोरीच्या जातीनं असं बसू न्हाई. भाकरी वाढता वाढता सुद्धा गुडघ्यावर एक चापट द्यायची. पायाबद्दल तेवढं एकच शिकवलं तिनं, की ते कोणाला दिसू द्यायचे न्हाईत. ते कशाच्या जोरावर चालतात हे तिला तरी कोणी सांगितलं व्हतं.

लग्न होऊन इथं आले तर इथंही तेच काम. आमची बायांची टोळी हाय, माही मोठी जाव लताबाई तिची पुढारीण. शेतवाल्याशी बोलणी तिची, सकाळी कोणाला हाक मारायची आन् कोणाला न्हाई तेही तिचंच. कपाशी असो, सोयाबीन असो, एकेक बाई एकेक पात धरती, पात म्हणजे आपल्या वाट्याची ओळ, आन् सगळ्याजणी उकिडव्या सरकत सरकत बांधापर्यंत जातात. लोक म्हणतात खुरपणी हाताचं काम हाय. खुरपं हातानं चालत असंल, बाई तर दिवसभर मांडीच्या जोरावर सरकती. आन् आमच्यात एक रीत हाय, जिची पात आधी संपती ती वळती आन् मागं राहिलेल्या बाईच्या पातीत समोरून शिरून तिला सोडवती. चांगली रीत हाय, मी नाव ठेवत न्हाई. पण रोज रोज एकाच बाईला सोडवायची पाळी आली तर त्या बाईला कसं वाटत असंल, काय सांगू तुम्हाला.

ती बाई मी व्हते. धाकटं लेकरू शाळेत जायला लागलं तव्हा माहा उजवा गुडघा गेला. बसले की उठता येईना, उठले की आतल्या अंगाला कलायचा, जसा काही माहाच न्हाई. लताबाई पात संपवून यायची, माह्यासमोर बसायची आन् म्हणायची, छाया, तुझी पात घरी पाठवून देऊ का. बाया हसायच्या. एकजण म्हणली छायाबाईसाठी शेतात खाट टाका. मीही हसले, काय करते. मंग एका सकाळी हाक आलीच न्हाई. मी डबा बांधून दारात उभी, आन् टोळी माह्या दारावरून गेली, लताबाईनं मान सुद्धा वळवली न्हाई. रोज बुडला त्याचं एक, पण त्या टोळीतच माहं बोलणं-हसणं व्हतं हो. घरात कोण बोलतं माह्याशी, सासू आन् टीव्ही.

डॉक्टरला दाखवलं तर ते म्हणले उकिडवं बसणं बंद करा, खुर्चीवर बसत जा. आता खुर्चीवर बसून कपाशी खुरपता येती का तुम्हीच सांगा. मी त्यांना तसं इचारलं तर ते हसले आन् त्यांनीच नवीन जालन्यातला एक पत्ता दिला, तिथं व्यायाम शिकवतात म्हणले. तिथं शबाना मॅडम व्हती, माह्या भाचीएवढी पोरगी. तिनं गुडघ्याला हातच लावला न्हाई. मांडी दाबून बघितली, आतून, बाहेरून. म्हणली, मौशी, गुडघ्याचं दुखणं जाऊ द्या, त्याला दोन्ही बाजूनं धरणारे कमजोर झालेत. मंग कुशीवर झोपवलं. वरचा पाय सरळ ठेवून सावकाश वर न्यायचा, ते बाहेरच्या मांडीचं. वरचा पाय मुडपून पुढं टेकवायचा आन् खालचा उचलायचा, ते आतल्या मांडीचं. गुडघ्यांमधी उशी धरून दाबायची, तेही आतलंच. आन् सायकलची जुनी ट्यूब गुडघ्याच्या वर बांधून खेकड्यासारखं आडवं चालायचं.

घरी आले आन् मी काय केलं, तर बाहेरचं तेवढं केलं. ट्यूब बांधून पडवीत आडवी चालले, लोकांनी बघितलं, हसले, चाललं. पण मांडीत उशी धरून दाबायची, सासू समोर बसलेली, ते मला होईना. आतलं सोडूनच दिलं. बाहेरचं मातर दुप्पट केलं, म्हणलं भरून निघंल. गुडघा उलट जास्त दुखायला लागला. पुन्हा गेले तर शबाना मॅडमनं दोन बोटं दाबली आन् म्हणली, बाहेरची बराबर झाली, आतली जशीच्या तशी हाय, तुम्ही ते करतच न्हाई. मी खाली मान घातली. भाकरी एका बाजूनंच शेकून ताटात वाढावी तसं झालं व्हतं माहं. शरम वाटती म्हणले. ती म्हणली, मौशी, दोन लेकरं झाली तव्हा शरम कुठं ठेवली व्हती. लई हसले मी तिथं.

त्या दिवसापासून घरात, उजेडात, दार उघडं ठेवून करायला लागले. गोधडीची गुंडाळी गुडघ्यात धरली आन् दाबली. आत्याबाई, म्हणजे माही सासू, म्हणल्या हे काय चाळे. म्हणलं आत्याबाई, गुडघ्याचं औषध हाय, तुम्हीही करा. त्या देवाकडं तोंड करून बसल्या. मालक, माह्या लेकरांचे बाप, फक्त गोधडी दुसरी घे म्हणले, ती पांघरायची हाय.

पावसाळा सरता सरता गुडघा कलायचा थांबला. एक दिवस हाक न येताच मी टोळीच्या मागं गेले आन् पात धरली. लताबाईनं बघितलं आन् आपली पात धरली. सगळ्यांच्या पाती संपल्या, माही अजून उरली व्हती. लताबाई वळली, समोरून माह्या पातीत शिरायला लागली. मी खुरपं खाली ठेवलं.

बाई, माह्या पातीला हात लावायचा न्हाई.

ऊन व्हतं, बाया पाण्यासाठी खोळंबल्या, कोणीतरी पुटपुटलं. मी बांधापर्यंत गेले, सगळ्यात शेवटी गेले, पण माही मी गेले. आन् हात न टेकता उठले. दुसऱ्या दिवशी लताबाईची हाक आली.

आता गुडघा बरा हाय तरी मी सोडलं न्हाई. मालक म्हणले आता कशाला, बरी झाली ना. खरं सांगू का, न्हाणीत पाणी घेताना मला माह्या मांड्या दिसतात, भरलेल्या, ताठ, आतून बाहेरून सारख्या. इतक्या वर्षांत मी कधी बघितल्याच नव्हत्या. मी मालकाला तोंडावर सांगितलं, मला त्या चांगल्या दिसतात म्हणून करून राह्यले. जोर पाहिजे म्हणलं की सगळ्यांना पटतं, चांगलं दिसायचं हाय म्हणलं की बाईचं डोकं फिरलं. फिरलं तर फिरू द्या.

परवा लताबाई स्वतःहून म्हणली, छाया, माहा डावा गुडघा वाजून राह्यला. जेवण झाल्यावर आम्ही चौघी बांधावर कुशीवर आडव्या झालो, लुगडी नीट खोचली आन् पाय वर नेले. तेवढ्यात शेतवाल्याचा मोठा पोरगा मोटरसायकलवर आला. थांबला. बघून राह्यला. दोघींनी झटकन पाय खाली घेतले, लताबाईचाही अर्धा खाली आला. मी माहा वरच ठेवला. त्याला म्हणलं, भाऊ, व्यायाम चालू हाय, काम असंल तर सांगा. तो खाली बघून गाडी वळवून गेला, आन् लताबाईनं पाय पुन्हा वर नेला, माह्यापेक्षा वर.

तुम्ही हे लिहिताना मांडी म्हणूनच लिहा, पाय-बिय म्हणून झाकू नका. आन् तुमच्या माईला सांगा, माही माय जिती असती तर तिलाही सांगितलं असतं, कुशीवर झोप आन् खालचा पाय उचल. मायबाई सुखानं उठो, सुखानं बसो.