राक्षस आला की सकाळ

डोळ्यांच्या दवाखान्यात शिंपीणबाई चष्म्याचा नंबर तपासायला आल्या होत्या. समोरच्या बाकावर दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधलेल्या एक आजी होत्या, आणि त्यांचा धाकटा भाऊ त्यांना जाडजूड कादंबरी वाचून दाखवत होता. शिंपीणबाईंचे कान आपसूक तिकडे लागले.

“‘राक्षस तिच्या खोलीत आला. त्यानं दिवा मालवला.’ मग सकाळ झाली.”

“इतक्यात? बाळ्या, पहिल्या भागापासून बघतेय, राक्षस खोलीत आला की लगेच सकाळ होते.”

“राक्षस लवकर उठतात, ताई.”

“पानं उलटल्याचा आवाज येतो मला. कान शाबूत आहेत माझे.”

“सख्ख्या बहिणीला असलं कसं वाचून दाखवू? लाज वाटते.”

“मघाशी गप्प बसून स्वतः वाचत होतास, तेव्हा नाही वाटली?”

“कथेचा धागा सुटू नये म्हणून वाचतो.”

“या कादंबरीतल्या अमर भावंडांचं बरंय. हजार वर्षं भांडतात, तरी वेळ उरतोच.”

“हजार वर्षं तुझ्याशी? त्यापेक्षा राक्षस परवडला.”

“आज पट्टी निघाली की सुटलास. माझी मी वाचीन. आधी तू सकाळ करून गाळलेलं सगळं वाचून काढणार.”

भावानं पुस्तक मिटलं.

“म्हणजे उद्यापासून मी यायचं नाही.”

“असं कोण म्हणालं?”

“मग येऊन करू काय?”

“राक्षसाचं बोलणं तू वाच. तो घोगरा आवाज मला कुठला जमायला?”

शिंपीणबाईंना आत बोलावलं. “तुम्ही जा आधी,” त्या शेजारी बसलेल्या बाईंना म्हणाल्या.

समोर भावानं घसा खाकरला.

“उद्या येतो,” तो राक्षसाच्या आवाजात म्हणाला.

“ये. पण सकाळ करायची नाही हं.”