लांबलेला बस्ता

न्हाई न्हाई, पाटीचं राहू दे आत्ता. पाटी काय, कुणीबी रंगवून देतंय. तू मला आधी हे सांग, चकलांब्यात तुझं दुकान निघणार कुठं — स्टँडपाशी? चहाच्या हाटेलाला लागून? मंग झालं. तिथं चार माणसं बाकड्यावर बसणार, आन् बाया मान खाली घालून पुढं जाणार. साडीचं दुकान बायांचं असतं, योगिता. बाई जिथं थांबती तिथं दुकान पाह्यजे — गिरणीपाशी, दवाखान्यापाशी, शाळेच्या वाटंवर. भाडं थोडं जास्त पडलं तर पडू दे. आन् पहिल्याच झटक्याला शालू-पैठण्या भरू नको. फॉल, परकर, अस्तर, ब्लाउजपीस — जे हमेशा लागतं ते ठेव. परकराला आलेली बाई साडीला हात लावून जातीच. आज न्हाई घेणार, पण हात लावलेला तिच्या ध्यानात राहतोय. आरसा उजेडात लाव, ट्यूबलाइटखाली नको — घरी जाऊन रंग येगळा दिसला की ती परत येत न्हाई, आन् येणाऱ्या दोघींना अडवती. म्हाताऱ्या बाईला पाठ टेकायला भिंत मोकळी ठेव. ती टेकली की बाकीचे घाई करत न्हाईत. बस, तूबी टेक. धंदा काय असा उभ्याउभ्या शिकता येतोय का?

हां, बस्त्याचं विचारत व्हतीस. यील, तुझ्याकडंबी यील, एखादा हंगाम जाऊ दे. तुला वाटतं बस्ता म्हणजे नवरीची साडी. न्हाई बाई. नवरीची साडी निमित्ताला. मामाचा आहेर, करवलीचं, आज्जीचं लुगडं, पावण्यांचे टोपी-टावेल — एका लग्नाचे सगळे कपडे एका बैठकीत, आन् ते घ्यायला पिकअप भरून माणसं. आता त्यातलं पसंत कोण करणार, हे तुला वळखू आलं पाह्यजे. पैसे देणारा करत न्हाई. नवरीची आई तर बिलकुल न्हाई, ती नुसती घाम पुसती. मंग कोण? भाव सांगितला की सगळे कुणाच्या तोंडाकडं बघतेत ते बघ — तीच. जास्ती करून आत्या असती. तिला पंख्याखाली बसव, तिला आधी पाणी दे. आन् चांगली साडी पहिल्यांदा कधीच काढू नको. पहिली साडी कुणाला पसंत पडत न्हाई. ती नुसती नको म्हणायला असती.

अजून एक, हे पक्कं ध्यानात धर. गिऱ्हाइकाच्या घरात डोकावायचं न्हाई. कोण कुणावर रुसलं, देणंघेणं काय ठरलं, नवरा किती शिकला — आपल्याला काय करायचंय? आपण कापड इकतो. आमचे सासरे हेच सांगायचे. आमचे हेबी हेच सांगतेत — सगळं नांदूरघाट ह्यांना मन्मथप्पा म्हणतं, लई सरळ माणूस म्हणतं, आन् सरळ म्हणजे काय तर भांडण दिसलं की हे मागच्या दारानं मठात. आता बी मठातच गेलेत. तर हा नेम मी एकदा मोडला. एकदाच. तू धंद्यात पडणार म्हणून सांगते, चकलांब्यात बोलत बसू नको.

होळीच्या आधीचे दिवस. एक बस्ता आला, गावाचं नाव न्हाई सांगत. पुढं नवरीचा चुलता, सुंदरराव — सोसायटीवर निवडून आलेला, पांढरी कापडं, बसायच्या आधीच म्हणाला, आटपा लवकर, आज बँड बी ठरवायचाय. मागं बाया, आन् पंख्याखाली आत्या छबुबाई, तिला मीच बसवलती. नवरी कोपऱ्यात. संस्कृती नाव तिचं. पोरगी लहान दिसत व्हती, पण लहान तर कितीक दिसतेत, आपण काय दाखला मागतो का? तर ब्लाउजच्या मापाला मी तिला पडद्याआड घेतली. टेप लावला तर हसाय लागली, गुदगुल्या झाल्या तिला. मंग हळूच म्हणाली, मावशी, हळद हाताची कशानं जाती हो? म्हणलं, कावून गं, राहू दे की, नवी नवरी तू. तर म्हणाली, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझा दहावीचा गणिताचा पेपर हाय, हात पिवळे दिसले तर वर्गातल्या पोरी हसतील.

मी इचारलं, पेपरला जाऊ देणार हायेत का तुला? म्हणली, आत्या म्हणती बघू. आन् पोरगी मलाच म्हणती, बाही लांब ठेवा, लिहिताना वर सरकती.

माप काय घेतलं कुणास ठाऊक. मी बाहेर आले. हे गल्ल्यावर बसले व्हते. त्यांच्या कानाशी जाऊन म्हणलं, पोरगी दहावीत हाय. हे माझ्याकडं बघत राहिले — बराच वेळ — मंग टोपी घातली, मोटारसायकलची चावी घेतली आन् गेले निघून. मी मनात म्हणलं, गेले मठात. आता काय करायचं ते तूच कर, शिवम्मा.

मंग काय केलं? दुकान केलं. म्हणलं, आज बस्ता झाला न्हाई तर तारीख तरी पुढं सरकंल, पोरीचे पेपर तरी व्हतील. इतक्या वर्षांत शिकलेलं सगळं उलटं लावलं. इतर वख्ताला आपण गिऱ्हाइकाला लवकर पसंत पडावं म्हणून धडपडतो, मी एकालाबी पसंत पडू देईना. छबुबाईनं लाल शालू हातात घेतला, की मी म्हणायची, आत्याबाई, चांगला हाय, पण उन्हात बघा. उन्हात नेला. तिथं म्हणलं, काठ जरा भडक न्हाई का? दुसरा काढला, म्हणलं, असाच मागच्या आठवड्यात एका घरी गेलाय, तुमच्या मांडवात तसाच दुसरा दिसायचा. चहा सांगितला. चहा झाल्यावर पोहे सांगितले. सुंदरराव चिडला, म्हणाला, बाई, तुला इकायचं हाय का न्हाई? म्हणलं, मालक, पोरीचं एकदाच व्हतंय. मांडी दुखली, घसा बसला, साड्यांचा ढीग माझ्या छातीपर्यंत आला, आन् पोरगी त्या ढिगाआड वही काढून गणितं सोडवत बसलती.

ऊन कललं तवा गाडीचा आवाज आला. हे केजला जाऊन आलते. फोन लावून भागलं असतं, पण ह्यांना फोनवर बोलायला जमत न्हाई, समोर बसल्याशिवाय तोंड उघडत न्हाई. मागं जीप — बालविकासाच्या मॅडम, ग्रामसेवक आन् एक महिला पोलीस. मॅडम चप्पल काढून गादीवर बसल्या, शांतपणानं बोलल्या, कायदा सांगितला. सुंदरराव उठला. मला म्हणाला, कापड इकती का चोंबडेपणा करती? मी आपली घड्या घालत व्हते. तर हे बोलले. माझ्या सगळ्या संसारात ह्यांचा आवाज मी असा ऐकला न्हाई — म्हणाले, तिला काय म्हणू नका, मी गेलतो. एवढंच. मंग छबुबाईनं बटवा कमरेला खोसला आन् सगळ्यात आधी जाऊन पिकअपमध्ये बसली. तिच्या मागं सगळे.

लग्न थांबलं. पोरीनं पेपर दिले. आन् आमचं काय झालं, तर त्या गावचा एक बस्ता आमच्या दुकानी आला न्हाई, त्याच्या पावण्यारावळ्यांचा बी न्हाई. सबंध लग्नसराई मी परकर इकले. ह्यांनी एका शब्दानं कधी टोचलं न्हाई, हे मात्र खरं.

थांब, अजून हाय. ती पोरगी बारावी झाली, कायद्याच्या वयात बसली, आन् लग्न ठरलं कुणाशी? तवा ठरलेल्या त्याच पोराशी, अंगदशी. तो थांबला व्हता म्हणं. ऐकून माझं डोकंच फिरलं, म्हणलं, मंग मी एवढी उरस्फोड केली कशासाठी? आन् बस्त्याला आली माझ्याकडंच. सुंदरराव न्हाई, छबुबाई दाराशी उभी, पंख्याखाली संस्कृतीच बसली. सगळं दुकान उतरवलं बघ तिनं. हा नको, तो नको, ह्याचा पदर छोटा, त्याचा रंग आज्जीसारखा. शेवटी उठली आन् म्हणाली, मावशी, राग धरू नका, मला पसंत पडली न्हाई. आन् समोरच्या दुकानातून मोरपंखी घेऊन गेली. सरळ समोरून. मी इथं घड्या घालत बसले आन् हसू आवरेना. बोहणी न होता एवढी खूश मी कधी झाले न्हाई.

म्हणून सांगते, गिऱ्हाईक नको म्हणालं तर तोंड पाडायचं न्हाई. नको म्हणायला बी माणूस मोठं व्हावं लागतं. मला कुठं म्हणता आलं? माझा बस्ता ह्याच गादीवर झाला. हो, ह्याच. सासरेच साड्या दाखवत व्हते, स्वतःच्या सुनंला. मी चौथीत व्हते. साड्या बघता बघता झोप लागली मला — उठवलं तवा बांधून झालतं सगळं. डोक्याखाली कापडाचा गठ्ठा व्हता. आई म्हणायची, तो ह्यांनी ठेवला, मिसरूड फुटलेलं पोरगं, लांबूनच सरकवला म्हणं. ते इथं काउंटरपाशी उभे व्हते तवा. सगळं बघत व्हते.

मी कधी इचारलं न्हाई त्यांना — संस्कृतीच्या बस्त्याला चावी उचलली तवा कुणाचं तोंड दिसलं त्यांना. इचारू बी कशाला? त्यांनी दुसरंच काही सांगितलं तर मी...

आलात व्हय? काही न्हाई हो, योगिताला परकराचे भाव सांगत व्हते. डोळ्यात काय जाणार, कापडाची धूळ ती. ऊठ योगिता, बस चुकंल. मांजरसुंब्याला उतर, तिथून बीड, गेवराई. ऊठ म्हणते ना. जा आता.