नाखवाकाकांचा भरवसा

हसा खुशाल, पण ट्रायथलॉनचं सायकलिंग आणि धावणं जमत असूनही समुद्रात पायाखाली तळ लागेनासा झाला की मी सरळ माघारी फिरायचो. शेवटी सातपाटीचे आमचे नाखवाकाका रोज सकाळी होडी घेऊन माझ्या बाजूने यायला लागले. मी गांगरलो की वल्हं थांबवून ओरडायचे, "घाबरतोस काय? मी हाय ना!"

महिन्याभरात मला समुद्र चक्क आवडायला लागला. स्पर्धेत तर लाटांवर मजेत पोहलो. स्पर्धा संपल्यावर काकांच्या पाया पडलो. म्हटलं, "बुडायला लागलो तर तुम्ही उडी माराल, याच भरवशावर शिकलो."

काका दचकलेच. "उडी? मी? अरे, मला पवता आलं असतं तर होडी कशाला आणली असती?"