पाचव्या पायाचं टेबल

लेक : पण बाबा, तुम्ही केलेल्या या टेबलावर काही ठरतच नाही.

बाबा : उतार तू पाठवलेल्या चित्रातलाच आहे. कोनमापक लावून घेतलाय.

आई : आधी बशी ठेवली, ती घसरली. मग मांजर बसलं, तेही घसरलं. मांजर अजून आमच्याशी बोलत नाही.

लेक : आणि हा पाचवा पाय?

बाबा : मागचा पाय बाजूने बघितला की दिसतो, तो. चित्रात होता, म्हणून दिला.

लेक : तुम्हाला विचित्र नाही वाटलं?

बाबा : वाटलं की. पण तू चित्रकला शिकतेस तिथे फर्निचरसुद्धा असंच असतं, असं तूच फोनवर म्हणालीस.

लेक : अहो, त्याला घनवाद म्हणतात. चित्रकारांनी वस्तू फोडून पुढून, वरून, बाजूने एकदम दाखवली. मग ते कोन चित्रांतून उतरून खुर्च्यांवर, किटल्यांवर, पडद्यांच्या कापडावर गेले.

आई : वाद म्हटल्यावर आमच्याकडे येणारच. आम्ही कधी नाही म्हटलंय?

लेक : पण त्या खुर्च्यांवर बसता येतं, बाबा.

बाबा : मग माझं चुकलं कुठे, ते सांग. दुरुस्त करतो.

आई : सांग बाई. महिनाभर दुसरं काम घेतलं नाही यांनी. गिऱ्हाइकं दारातून परत गेली.

लेक : तो आराखडा नव्हता, बाबा. नुसतं चित्र होतं. आपल्या जेवायच्या टेबलाचं. तिकडे खोलीत एकटी होते, घरची आठवण आली, म्हणून काढलं आणि पाठवलं.

बाबा : म्हणजे तू टेबल मागितलंच नव्हतंस.

लेक : नाही.

(बाबा फडक्याने टेबल पुसतात. ते आधीच पुसलेलं आहे.)

बाबा : बरं. मला वाटलं, लेकीला आपल्या हातचं काही हवंय. शिकायला गेल्यापासून तू काही मागतच नाहीस गं. म्हटलं, उगाच प्रश्न विचारून हसं नको. उद्या सुटं करतो. लाकूड चांगलंय, वाया जाणार नाही.

लेक : हात लावू नका त्याला.

आई : अगं, पण त्याचं करायचं काय?

लेक : इथल्या माझ्या खोलीत राहील. बाबा, याच्या जोडीला एक खुर्ची कराल? या वेळी खरंच मागतेय.

बाबा : बसायची, की घसरायची?

लेक : बसायची. बाकी सगळे कोन तुमच्या मर्जीने.

बाबा : मग इकडे ये, गुडघ्यापर्यंतचं माप घेऊ दे. मागच्या खेपेला घेतलं, तेव्हा तुझे पाय जमिनीला पोचत नव्हते.