सभेच्या आधीचं इतिवृत्त

नाही नाही, ती खुर्ची डुगडुगते, इकडची घ्या साहेब — अध्यक्ष येतीलच इतक्यात. म्हणजे तसा निरोप आलाय. त्यांना जिना चढायला वेळ लागतो, आणि आज तर लागणारच — गावाचा पाणीपुरवठा केंद्राच्या मंडळाला देऊन टाकायच्या कागदावर सही करायला कोण पळत येईल, तुम्हीच सांगा? तुमच्यावर राग नाही हो. वरून पाठवलं म्हणून आलात. उद्या हुकूम फिरला तर परत द्यायलाही तुम्हीच याल — नाही, येणार नाही, ते मलाही ठाऊक आहे. वर गेलेलं परत आल्याचं सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिलं नाही. आधी रस्ते गेले, मग शाळा, मग इमारतींची परवानगी. राहिलं काय? पाणी, दिवाबत्ती आणि जन्ममृत्यूच्या नोंदी. आज पाणी जाईल. माणसं जन्मतील नि मरतील, तेवढं लिहायला आम्ही आहोतच.

मी? मी सभेचं काम बघते. नोटीस काढायची, इतिवृत्त लिहायचं, ठरावाची नक्कल वर पाठवायची. गाव मला ठराववाल्या बाई म्हणतं. नळाला पाणी नाही आलं तरी बायका रस्त्यात मलाच अडवतात — जसं काही मी पदराखाली लपवून ठेवलंय!

आता विषय निघाला म्हणून सांगते, तुमच्या परिपत्रकांनी आमच्या नाकी नऊ येतात. परिपत्रक पोचायला सहा दिवस. सभेची नोटीस सात दिवसांची. झाले तेरा. आणि मुदत किती — तर चौदा दिवसांत ठराव टपालात पडला पाहिजे! टपाल जातं दुपारी बाराला, सभा तीनला. सकाळी सभा ठेवा म्हणाल, तर दुकानं सोडून कोण येणार? बरं, ठराव काय करायचा तेही तुम्हीच लिहिलेलं असतं — नमुना सोबत जोडलेला, पालिकेचं नाव, तारीख, सूचक, अनुमोदक, एवढ्या जागा कोऱ्या. मग काय करणार माणूस? मी आधीच लिहून ठेवायचे. इतिवृत्त हो. सभेच्या आधी. असं बघू नका, सगळं रीतसर असायचं — अध्यक्षांच्या चार सह्या कोऱ्या कागदांवर घेऊन ठेवलेल्या, सूचक-अनुमोदक पाळीपाळीनं, म्हणजे कुणी रुसायला नको, आणि खाली 'सर्वानुमते मंजूर'. बाराला नक्कल गेली की तीनला सदस्य यायचे, चहा प्यायचे, सुनांच्या तक्रारी सांगायचे, सह्या करून जायचे. कधी कुणी नाही म्हणालंच नव्हतं, मग मी तरी काय करणार?

म्हणजे — एकदा म्हणाले.

जाऊ दे. चहा सांगू का? — नको? बरं. तुम्ही आता असे थांबलात तर मला बोलावंच लागेल. हाच ठराव. पाण्याचा. दोन वर्षांपूर्वी, विषय क्रमांक चार. मी नेहमीसारखा लिहिला, नक्कल टपालात टाकून मोकळी झाले. अनुमोदकाची पाळी आमच्या मोठ्या दिरांची होती — हो, ते सदस्य आहेत, आमच्याच वॉर्डाचे. आणि तीन वाजता नेमके भाऊजीच उभे राहिले. एरवी सभेत डुलकी काढणारा माणूस! म्हणाले, टाकी आपल्या वडीलधाऱ्यांनी स्वतः वाळू वाहून बांधली. वरच्या गल्लीला पाणी चढत नाही, म्हणून तिचा नळ आधी सोडायचा, हे आपल्याला कळतं. राजधानीतल्या माणसाला वरची गल्ली कुठे आहे तेच ठाऊक नाही, तो काय ठरवणार? आणि त्याच्याशी भांडायला जायचं तर एक दिवस गाडीत बसायचं? एवढंच बोलले, खाली बसले. आणि सतराच्या सतरा हात विरोधात वर गेले. एकमेकांचं तोंड न बघणारे दोघं शेजारी शेजारी हात वर करून! साहेब, मी टाळी वाजवली. लिहिणाऱ्या बाईनं टाळी वाजवायची नसते — वाजवली. इतका आनंद मला या इमारतीत कधी झाला नव्हता. आणि मग एकदम आठवलं, की नक्कल तर बारालाच गेली.

दुसरं पत्र का नाही पाठवलं? पाठवणार होते हो. पण त्यात लिहू काय — आम्ही सभा व्हायच्या आधी ठराव करतो? माझी नोकरी गेली असती, अध्यक्ष गोत्यात आले असते. उद्या लिहू, उद्या लिहू करता करता पुढची सभा आली. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करायचं असतं, सगळ्यांनी वाचून सही करायची. मी वही तशीच ठेवली, आधी लिहिलेली. पान उघडून ठेवलं. खरं सांगते, मनातल्या मनात हात जोडत होते — कुणीतरी वाचा रे, ओरडा माझ्यावर. नाही वाचलं कुणी. सतरा सह्या. भाऊजींनी तर खिशातून चष्माही काढला नाही.

मग वर्तमानपत्रात आलं — पालिकेनं स्वखुशीनं पाणीपुरवठा दिला, ताबा तेवढा मागाहून, अनुमोदक अमुक अमुक. गाव पेटलं. भाऊजींच्या दाराला काळं फासलं. जो माणूस विरोधात उभा राहिला, तोच विकला गेला म्हणून! बाकीचे सोळा? चिडीचूप. न वाचता सही केली हे कोण सांगणार? त्या संध्याकाळी भाऊजी आमच्याकडे आले, मला वाटलं आता फाडून खातील. म्हणाले, "सही माझीच आहे ना? मग झालं." आणि चहा मागितला. माझं नाव आजपर्यंत कुणापुढे घेतलं नाही. केस कापायलासुद्धा गर्दी नसते अशा वेळी जातात आता.

म्हणून म्हणते, मी लिहून देते. निवृत्तीला चार महिने राहिलेत, काय व्हायचं ते होऊ दे. जावक वहीत टपालाची वेळ आहे, माझ्याच हातची. ठराव खोटा, म्हणजे त्यावर निघालेला हुकूमही खोटा — खरं ना? तुम्ही आज ताबा घेऊ नका, एवढंच—

काय? दाखवा. थांबा, चष्मा लावू दे. हा मूळ हुकूम. 'पालिकेने सर्वानुमते केलेल्या ठरावानुसार' — बरोबर. ठरावाचा क्रमांक तेवढा हातानं भरलेला, मागून. आणि तारीख... दोन? दोन कशी असेल? सभा एकोणीसला होती. तुमचं परिपत्रकच पाच तारखेचं! महिना बघा, महिना चुकला असेल — नाही, तोच आहे.

सगळ्याच पालिकांचे एका दिवशी निघाले? अस्सं.

म्हणजे माझी नक्कल गेली नसती तरी... हो, कळलं. दोष मनाला लावून घेऊ नका, म्हणता. चांगल्या मनानं सांगताय, मला कळतं ते. हायसं वाटायला हवं आता, नाही का? पण चूक माझी होती तोवर निदान ती इथे, या टेबलावर झाली होती हो. आणि भाऊजी — दोन वर्षं तो माणूस खाली मान घालून चालतोय, का, तर आपल्या एका सहीनं गावाचं पाणी गेलं. त्यांना मी कुठल्या तोंडानं सांगू, की भाऊजी, तुमची सही कुणाला नकोच होती?

नाही, लिहून द्यायला कागद नको आता. घ्या तुमचं पेन. तुम्ही बाहेर बाकावर बसा साहेब, अध्यक्ष आले की करतील सही. आणि जाताना दार लोटून घ्या.