उलटा धरलेला फोन

हॅलो?… हॅलो, धाकटे? पोचलीस का?… अजून बसमध्येच? अगं, इथे ऑपरेशनची वेळ झाली, स्ट्रेचर दाराशी येऊन उभं आहे!

थांबा हो सिस्टर, धाकट्या जावेशी बोलतेय, एक मिनिट.

अगं, अडवतंय कोण काय? तुझे थोरले भाऊजी! हटून बसलेत. 'धाकटीने प्रार्थना केल्याशिवाय मी आत जाणार नाही.' …हो, अस्संच म्हणाले. माझ्या तोंडावर. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, दोरांना लोंबकळून कामं केली, कधी घाबरले नाहीत. आणि आज हात कसे थरथरतायत, बघवत नाही गं…

मी? नाही, मी नाही केली. मला कोण विचारतंय? उशाशी जागायचं मी, सूप भरवायचं मी, लघवीचं भांडं द्यायचं मी. आणि देवाशी बोलायला मात्र धाकटी!

नाही, नाही… अगं ऐक ना, बोलू दे मला. चर्चमध्येही तेच. कुणाचं मूल आजारी, बोलवा धाकटीला. कुणाची नोकरी गेली, बोलवा धाकटीला. आणि मी मागच्या खोलीत चहाचे कप विसळते.

जळते, हो! जळतेच मी तुझ्यावर. आजची नाही. तुझा नवरा गेला ना, त्याच्या पुढच्याच रविवारी तू सगळ्यांसमोर उभी राहून देवाचे आभार मानलेस. आवाजसुद्धा कापला नाही तुझा. मला वाटलं, ही बाई काय दगडाची आहे? घरी येऊन मी रडले. दीर गेला म्हणून नाही गं… मला असं कधी जमणार नाही म्हणून.

काय?… पाय कापत होते? तुझे?… पुढच्या बाकाची पाठ धरून उभी होतीस?… मला कसं दिसणार, मी मागे बसलेली… मग धीर आला कुठून?… आला नव्हता?… म्हणजे, तोंड उघडल्यावर आला? आधी नाही?… हं.

हो सिस्टर, झालंच!

धाकटे, आटप आता. पण एक अडचण आहे. त्यांच्या कानातलं मशीन काढून घेतलंय. फोनवरचं त्यांना काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. माझे ओठ तेवढे वाचता येतात… हो ना, इतकी वर्षं भांडतोय, सवय झालीय. तू बोल, मी सांगत जाते त्यांना.

अहो! इकडे बघा. धाकटी आहे फोनवर. डोळे मिटू नका, माझ्या तोंडाकडे बघा.

हं, बोल… 'हे दयाळू पित्या'… 'आम्ही तुझ्यापुढे येतो'… सावकाश गं!… 'आमचं भय तुझ्या हाती देतो'… पुढे?… पुढे काय?… हॅलो? धाकटे? हॅलो?… अगं, आत्ता नाही, आत्ता नको ना तुटूस…

अं? नाही हो, कुठे तुटला? आहे ती. बसचा खडखडाट फार आहे… हो, हो… ऐकतेय, धाकटे, सांग…

ती म्हणते… 'हे प्रभू येशू'… थांबा ना, सांगतेय ती… 'हा माणूस हट्टी आहे. मशीन लावूनसुद्धा ऐकत नाही'… हसताय काय? ती म्हणतेय, मी नाही!… 'पण प्रभू, लिफ्टच्या त्या अंधाऱ्या पोकळीत हा रोज उतरला, आणि रोज संध्याकाळी तू त्याला धडधाकट वर काढलंस. जिन्यात याची पावलं वाजली की मगच मी कुकर लावायचे. तुझे आभार मानायचे राहूनच गेले बघ. आज मानते. आज हा पुन्हा खाली उतरतोय. तू दोर धर. मला भीती वाटते, प्रभू, फार भीती वाटते. पण दोर तुझ्याच हातात आहे, एवढं मला पक्कं ठाऊक आहे'…

काय?… काय उलटा?… फोन?

अगबाई.

बरं, उलटा तर उलटा! कधीपासून बघताय?… आणि गप्प बसलात? लबाड कुठले. आमेन म्हणा आधी… नीट, मोठ्याने… आमेन.

न्या सिस्टर. तयार आहेत ते.

…हॅलो?… हो, तुटला होता. बोगदा लागला का?… नको, आता नको करूस, झाली प्रार्थना. आत गेले ते… नाही, हात नव्हते थरथरत… कोणी म्हणजे? मी केली… अगं मी!… रडतेस काय वेडे?… आणि ऐक, चर्चमध्ये गवगवा करू नकोस हं… बरं, कर. पहिल्या बाकावर बसून दर वेळी तुलाच बोलावतात ना, त्या बाईंना आधी सांग.

धाकटे… आता माझे पाय कापायला लागलेत गं… हो, धरलाय. बाक घट्ट धरलाय. शेजारी पिशवी ठेवून तुझी जागाही धरलीय. ये तू लवकर… हो, ठेवते.