धवलारणीनं लावलेलं लग्न

१९९९ चा मे महिना. पेणच्या स्टँडवर मी रोह्याच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं, आणि म्हातारी चिडली होती.

“एवढ्या उन्हात रामवाडीला, त्या कंप्युटरच्या दुकानात काय काम होतं तुमचं?”

“कायदा बघायचा होता. जमिनीच्या हापिसातला सायब म्हणला ना, भटजी नाय, फोटो नाय. धवलारणीनं गाणी म्हणून लावलेलं लग्न खरं कशावरून?”

“मंग कंप्युटरला आपलं लग्न ठाव हाय?”

“आधी त्यात अमेरिकेचाच कायदा आला. तिकडं म्हणं दर राज्याचा येगळा.”

“अगो बाई! नि आपला?”

“लय येळानं आला. दुकानातल्या पोरीनं वाचून दाखवला. ज्याच्या घरची जशी रीत, तसं लागलेलं लग्न खरं.”

“म्हंजी आपलं लगीन लावणारी चांगुणाआत्या कायद्यानं बरोबर गात होती!”

“व्हय तर.”

“हे ऐकायला ती पायजे होती. पण नातवंडं झाली, आता कशाला तुमाला खातरी?”

“मला नको गो. माझ्या माघारी मिठागरावर नाव लावायला जाशील, तवा कोणी तुला इचारू नये, तू त्याची कोण म्हणून.”

“नि मीच आधी गेली तर?”

“तर मला मिठागर तरी कशाला लागतंय?”

“काय बी बोलू नका. ती बघा, गाडी लागली. हात द्या इकडं, पायरी उंच हाय.”